पान्हा फुटला, पुढं काय?



या महिन्याचं लिखाण आमच्याकडे आलंय. लिहायची सवय कॉलेज सुटल्यापासून गेलेली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता, बहुतेकांनी पाहिला असेल. भर उन्हात एक म्हातारे गृहस्थ अनवाणी चाललेत. एक कॉलेजचा मुलगा गाडी थांबवतो, स्वतःच्या चपला काढून त्यांच्या पायात घालतो आणि तसाच निघून जातो. खरा होता की कुणी मुद्दाम बनवलेला, देव जाणे. पण आम्ही रडलो. भाजी निवडत होतो, ती बाजूला सारून दोनदा पाहिला. छातीत काहीतरी ऊबदार पसरलं, घसा दाटून आला, हातावर काटा उभा राहिला. मग हात जोडल्याच्या तीन खुणा टाकल्या, माहेरच्या ग्रुपवर पाठवला, बहिणींच्या ग्रुपवर पाठवला, आणि परत भाजी निवडायला बसलो. त्याच दुपारी केरसुण्या विकणारी एक बाई दारात येऊन पाणी मागत होती. तिला आम्ही उठायचासुद्धा त्रास न घेता आतूनच "पुढं जा बाई" म्हणालो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आठवलं. सकाळी रडलेल्या आम्हीच आणि दुपारी तसं बोललेल्याही आम्हीच. मग ते सकाळचं रडणं खोटं होतं का?

खोटं नव्हतं, असं आम्हाला वाटतं. चांगुलपणा बघितला की माणसाला काहीतरी होतं, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. आपण म्हणतो भरून आलं, गहिवरून आलं, ऊर दाटून आला. आपल्याकडे तर अष्टसात्त्विक भाव मोजूनच ठेवलेत, त्यात रोमांच आहे, अश्रू आहेत, आवाज फुटेनासा होणं आहे. कीर्तनात एकनाथांची गोष्ट निघते. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला घालायची सोडून त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय, शेवट पाठ आहे, तरी दर वेळी त्या जागी आल्यावर डोळ्यांना पदर लागतोच.

आमच्या भाचीनं मानसशास्त्र घेऊन एम्. ए. केलंय, धारवाडला असते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मावशी, यावर तर अभ्यास झालेत. जोनाथन हाइट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी साधारण २००० सालाच्या सुमारास या भावनेवर लिहायला सुरुवात केली आणि तिला 'एलिव्हेशन' म्हटलं, म्हणजे मन वर उचललं जाणं. तोवर मानसशास्त्राची पुस्तकं राग, भीती, किळस यांनी भरलेली होती, या भावनेकडे फारसं कुणी बघितलंच नव्हतं. त्यांना एका मुलीनं सांगितलेला प्रसंग असा. ती काही मित्रांबरोबर सेवेचं काम करून गाडीतून परतत होती, बर्फ पडत होतं. वाटेत एक म्हातारी बाई फावड्यानं आपल्या दारातलं बर्फ काढताना दिसली. गाडीतला एक मुलगा म्हणाला, मला इथंच उतरवा, आणि जाऊन तिच्या मदतीला लागला. एवढंच. पण त्या मुलीला वाटलं, गाडीतून उडी मारून त्याला मिठी मारावी, गाणं म्हणावं, धावत सुटावं, भेटेल त्याला हे सांगावं.

भाचीनं पुढं जे सांगितलं ते ऐकून मात्र आमच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हाइट आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी व्हर्जिनियात एक प्रयोग केला, तो २००८ साली छापून आला. अंगावर पाजणाऱ्या आया त्यांच्या तान्ह्या बाळांसकट बोलावल्या. काहींना एका माणसाची गोष्ट दाखवली, वाईट संगतीतून आपल्याला बाहेर काढणाऱ्या गुरुजींचे तो आभार मानत असतो. काहींना नुसता हसण्याचा कार्यक्रम दाखवला. चांगुलपणाची गोष्ट बघणाऱ्या आयांमध्ये कितीतरी जास्त जणींना दूध उतरलं, किंवा त्यांनी बाळाला जवळ घेऊन पाजलं. हसणाऱ्यांमध्ये तसं फार थोड्या जणींचं झालं.

आता बघा, आपल्या मराठीत 'पान्हा फुटणे' हे काय कुणी प्रयोग करून ठेवलं होतं? मायेनं भरून आलं की पान्हा फुटतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

ही गोष्ट आमच्या गावात जास्त लागते त्याला कारण आहे. कलघटगी म्हटलं की आसपासच्या मुलखात लोकांना पाळणा आठवतो. हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं हे लहानसं गाव, पण इथले रंगीत लाकडी पाळणे लांबून लांबून लोक घेऊन जातात. त्यावर बाळकृष्णाच्या लीला रंगवलेल्या असतात, रंग वर्षानुवर्षं उतरत नाहीत. आमच्या घरातल्या पाळण्यात सासूबाईंची मुलं झोपली, आमची झोपली, आता तो माळ्यावर नातवंडाची वाट बघतोय. (मुलगा बंगळुरात, सूनबाई म्हणतात पाळण्याला फ्लॅटमध्ये जागा नाही. असो.) तेव्हा पान्हा, पाळणा हे विषय आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत.

आणि म्हणूनच भाची जिथं थांबली तिथून आम्हाला पुढचं दिसलं. ज्यांनी ज्यांनी बाळ वाढवलंय त्या भगिनींना सांगायला नको, पण आपले गुरुबंधूही हे वाचतात म्हणून लिहितो. पान्हा फुटला आणि बाळ जवळ नसेल तर काय होतं? दूध झिरपून पदर भिजतो. दोन-तीन वेळा तसंच राहिलं तर छाती दगडासारखी होते, गाठी होतात, ठणका लागतो, ताप चढतो. आणि बरेच दिवस पाजलंच नाही, तर दूध आटतं. जेवढं पाजावं तेवढं येतं, हा त्याचा हिशेब आहे.

आमचं त्या व्हिडिओचं असंच झालं. पान्हा फुटला आणि पदरावरच सांडला. बाळ दारात उभं होतं, केरसुण्या घेऊन, त्याला आम्ही ओळखलं नाही. व्हिडिओतला म्हातारा आमच्याकडे काही मागत नव्हता ना. त्याच्यासाठी रडायला काहीच मोजावं लागत नव्हतं. उलट पुढं पाठवलं तेव्हा आपण काहीतरी पुण्याचं केलं असं समाधानही मिळालं, आणि त्या समाधानावर दुपार निघाली.

यावर भाचीचं म्हणणं असं की मावशी, तू फार कठोर होतेस. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, २०१० सालच्या, ही भावना अनुभवलेल्या लोकांना नंतर एका कंटाळवाण्या कामात मदत कराल का असं विचारलं, तर त्यांनी इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ मदत केली. म्हणजे पान्हा वाया जात नाही. आम्ही म्हटलं, बरोबर आहे, पण तिथं मदत मागणारं माणूस लगेच समोर आणून उभं केलं होतं. आमच्याकडे ते नंतर आलं, आणि त्याला कुणी 'हाच तो' म्हणून चिठ्ठी लावली नव्हती.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की लहानपणी त्यांनी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि ते त्यांच्या मनातून जाईना. मनातल्या मनात ते नाटक त्यांनी किती वेळा केलं असेल, आणि सगळेच हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का होत नाहीत हा प्रश्न त्यांना छळत राहिला. ते नाटक राजकोटात त्या दिवशी पुष्कळांनी पाहिलं असणार. रडलेही सगळे असतील. घरी जाऊन जेवले, झोपले. एका मुलानं ते उशाशी घेतलं.

पण आम्हाला सगळ्यात जवळची वाटते ती बाबा आमटे आणि साधनाताईंची गोष्ट. आनंदवन सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या मागचा हा प्रसंग कमी जणांना माहीत असतो. बाबा तेव्हा नुसते मुरलीधर देविदास आमटे होते, १९१४ साली हिंगणघाटला जन्मलेले, वकील झालेले, आणि लग्न करायचं नाही असं ठरवून दाढी-जटा वाढवून बसलेले. नागपूरच्या एका लग्नघरात ते आले होते. घरात लग्नाची धांदल, सगळे नटूनथटून मांडवात. एका बाजूला त्या घरातली म्हातारी मोलकरीण कपड्यांचा ढीग धूत बसलेली. घरातली एक मुलगी, इंदू घुले, गुपचूप मांडवातून सटकली आणि तिच्याबरोबर कपडे धुवायला बसली. कुणाला दाखवायला नाही, कारण सगळी माणसं तिकडं होती. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा निश्चय तिथंच मोडला. १९४६ साली लग्न झालं, इंदूच्या साधना झाल्या.

आम्ही बायका या गोष्टीत एका जागी अडतो. बाबांच्या जागी दुसरा कुणी असता तर मांडवात येऊन म्हणाला असता, काय गुणी मुलगी आहे हो तुमची! सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. बाबांनी कौतुक करून विषय संपवला नाही. त्या चांगुलपणाच्या शेजारी जन्मभर राहायचं ठरवलं, रोज तो डोळ्यांसमोर असेल अशी व्यवस्था केली.

आणि तरीही एवढ्यानं भागलं नाही, हे पुढं दिसतं. वरोऱ्याला बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंगीकाम करणाऱ्यांबरोबर स्वतः मैला वाहात होते. एका पावसाळी रात्री त्यांना गटारीशी एक देह पडलेला दिसला. तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी, बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा घाबरून पळाले. इंग्रज सैनिकांपुढे उभे राहणारे, गांधीजींनी ज्यांना अभयसाधक म्हटलं ते बाबा पळाले! घरी साधनाताईंसारखी बाई होती, तिच्या चांगुलपणानं मन उचललं गेलं होतं, तरी त्या क्षणी पाय मागेच धावले. मग ते परत गेले, त्याला आडोसा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण त्या भीतीशी झगडूनच पुढं आनंदवन उभं राहिलं. १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर. आणि साधनाताई विकास आणि प्रकाश ही दोन लहान पोरं घेऊन त्या माळरानावर राहायला गेल्या. त्या काळात कुष्ठरोग म्हटलं की लोक सावली टाळायचे. आम्ही स्वतःला विचारलं, आमची पोरं तेवढी असताना आम्ही गेलो असतो का? उत्तर लिहायची गरज नाही.

परत गेले, हे दोन शब्द आम्हाला त्या गोष्टीत सगळ्यात मोलाचे वाटतात. केरसुणीवाली पुन्हा आली नाही, पण पुढं जे घडलं ते सांगतो.

आपल्या केंद्रात सप्ताह चालू होता. पारायणाला आम्ही दहा-बारा जणी रोज बसायचो. त्यात एक नवी सून, खानापूरकडची, लग्न होऊन वर्ष झालं असेल. ही पोरगी रोज अकराच्या सुमाराला उठायची, पोथीला नमस्कार करायची आणि निघून जायची. पाऊण तासानं परत. दोन दिवस आम्ही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी सुरू झालं. पारायण अर्धवट टाकून कुठं जाते ही? फोनवर बोलत असेल. हल्लीच्या पोरींना बैठक नाही. सासूनं काही शिकवलं नाही. हे सगळं आम्हीच बोललो, दुसऱ्यावर ढकलत नाही.

चौथ्या दिवशी आमच्यातली एक तिच्या मागं गेली. मागच्या गल्लीत एक कन्नड बोलणाऱ्या अज्जी एकट्या राहतात, वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. लेकरं लांब आहेत, शेजारी सकाळ-संध्याकाळ डोकावतात, पण दुपारचं बघायला कुणी नाही. ही पोरगी घरून डब्यात गंजी नेत होती. दारातून दिसलं ते असं: पदर खोचलेला, अज्जींना कुशीवर वळवलेलं, खालचं ओलं काढून पाठ पुसणं चाललेलं. तिला कन्नड धड येत नाही, अज्जींना मराठी येत नाही. तरी दोघी बोलत होत्या.

आमची मैत्रीण आली आणि गप्प बसली. विचारल्यावर सांगितलं.

तुम्हाला वाटेल, ऐकून आम्ही सगळ्या गहिवरलो. खरं सांगतो, आधी राग आला. "सांगायचं तरी होतं तिनं." "आम्हाला काय, आम्ही गेलो नसतो?" "सप्ताहात हे करायची काय गरज, नंतर नाही का करता आलं?" चपला देणाऱ्या पोरासाठी रडणाऱ्या आम्ही, आणि गल्लीतल्या पोरीनं तेच केलं तर चिडलो. भाची म्हणते, हेही अभ्यासात दिसलंय, फार चांगलं वागणारं माणूस जवळचं असलं, आणि त्याच्या वागण्यानं आपण उघडे पडत असलो, की लोकांना ते आवडेनासं होतं. लांबचा संत चालतो.

पतंजलींनी योगसूत्रात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्यात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, आणि पुण्यवान माणसाविषयी मुदिता, म्हणजे आनंद. आम्हाला पूर्वी वाटायचं, पुण्यवानाला बघून आनंद व्हायला साधना कशाला लागते? तो आपोआपच होतो की! त्या दिवशी कळलं की ऋषींनी ते उगाच सांगितलं नव्हतं. पुण्य शेजारच्या घरात असलं की पहिला येतो तो मत्सर. त्याला थोडा वेळ बसू द्यावं लागतं, तो दमला की मग आनंदाला जागा होते. आमचा राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. मग एकेक करून आम्ही अज्जींच्या दारात जाऊन आलो. लांबूनच. आणि मग आलं ते रडू.

त्यातून दुसरा घोळ झाला. आमच्यातल्या एका काकूंनी मोबाईल काढला. ग्रुपवर टाकू या, म्हणाल्या, चार लोकांना प्रेरणा मिळेल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. चांगलं कुणी बघितलंच नाही तर ते पसरणार कसं? बाबांनी त्या दिवशी तिकडं पाहिलं नसतं तर? पण पोरीनं हात जोडले. म्हणाली, "नको काकू. अज्जींच्या अंगावर धड कपडे नाहीत. त्यांना लाज वाटेल." काकूंनी फोन पर्समध्ये ठेवला, चेहरा जरा पडला त्यांचा.

आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. आमचं एकमत झालेलं नाही. काकू अजून म्हणतात की फोटो नसेल तर लोक विश्वास ठेवत नाहीत. आमचं मत असं की करणाऱ्यानं दाखवू नये आणि बघणाऱ्यानं सांगावं, पण ज्याच्यावर सेवा झाली त्याचं तोंड दिसू नये. चपलांच्या त्या व्हिडिओतल्या म्हाताऱ्या गृहस्थांना कुणी विचारलं होतं का, की तुमचे अनवाणी पाय गावभर दाखवू का? म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही, पोरीचंही नाही, अज्जींचंही नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपा करून ग्रुपवर लिहू नये.

सप्ताह संपला. पोरीला आता दिवस गेलेत, सातवा लागला तशी ती माहेरी खानापूरला गेली. जाताना डबा आणि एक जुनी चादर आमच्याकडे देऊन गेली, काही बोलली नाही. आम्ही वार वाटून घेतले. पहिल्या दिवशी वास सहन झाला नाही, आम्ही दोघी दाराबाहेर येऊन उभ्या राहिलो, पाच मिनिटं. मग आत गेलो. अज्जींना गंजी पातळ लागते, मीठ बेताचं. आम्ही घट्ट केली होती, त्यांनी तोंड फिरवलं. व्हिडिओत असं काही नसतं. त्या दिवशी आम्हाला ना गहिवर आला ना काटा उभा राहिला, नुसती कंबर दुखली. एक जण दुसऱ्या आठवड्यापासून यायची थांबली, तिला आम्ही काही म्हटलेलं नाही. तिच्या घरी सासरे आजारी असतात.

परवा रविवारी पोरीचा फोन आला. आम्हाला वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलं की काय. तर ती विचारत होती, काकू, अज्जींची गादी उन्हात टाकली का? पावसानं दमट झाली असेल, पाठीला जखमा होतील. आम्ही टाकली नव्हती. लक्षातच आलं नव्हतं. दुपारी ऊन पडलं तसं आम्ही दोघी गेलो, अज्जींना खुर्चीत बसवलं आणि गादी उचलून अंगणात टाकली.

– सेवेकरी भगिनी, कलघटगी